बॅटरी घरी होती

आधीच सांगतो, मी असलं काही मानत नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी ऑफिसात चहा पिताना वाचतो आणि शेजारच्याला वाचून दाखवून हसतो... त्यामुळे आता माझ्यावर कोणी हसलं तर माझी तक्रार नाही. माझ्या अनुभवात ना चकवा आहे, ना पांढरी साडी. भीती तर मला वाटलीच नाही. लाज वाटली, आणि ती अजून जात नाही.

आमचं गाव थळच्या अलीकडे, समुद्राला लागून. मी नवी मुंबईत नोकरी करतो, जावामध्ये बिलिंगचे प्रोग्रॅम लिहितो आणि सुट्टीला गावी येतो. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते हिराआत्याने, म्हणजे बाबांच्या बहिणीने. आत्या आणि आळीतल्या बायका ओहोटीला खडपावर जाऊन कालवं काढतात. खडप म्हणजे समुद्रातला कातळ, पाणी ओसरलं की उघडा पडतो. पण खडप आणि किनारा यांच्यामध्ये एक खोलगट पट्टा आहे, आणि भरती लागली की पाणी आधी तिथे भरतं. बाई कातळावर कोरडी बसलेली असते, मान खाली घालून कालवं फोडत, आणि पाठीमागे तिची परतीची वाट बंद होत असते.

म्हणून पूर्वीपासूनची रीत अशी की पाळीपाळीने एक बाई किनाऱ्यावर बसायची. पाणी फिरलं की हाक मारायची. बसणारीला प्रत्येकीच्या टोपलीतून मूठमूठ कालवं मिळायची.

मला हे बघून कसंतरीच व्हायचं. एवढा शिकलेला भाचा घरात असताना एक बाई दुपारभर उन्हात नुसती बसून राहणार? मी पत्त्यांच्या कॅटाएवढा एक सिंगल बोर्ड कॉम्प्युटर आणला. ऑफिसातले म्हणाले, पायथॉनमध्ये लिही, जावा कशाला, पापड भाजायला भट्टी पेटवतोस काय! पण मला जावाच येते. खोलगट पट्ट्यात एक खांब रोवून त्यावर तरंगता गोळा बसवला, पाण्याच्या टाकीत असतो तसा. गोळा वर गेला की बोर्डाच्या इनपुट पिनवर सिग्नल, मग माझा प्रोग्रॅम आउटपुट पिन चालू करणार, रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, टक् करणार आणि भोंगा वाजणार. भोंगा भंगारातला, ट्रकचा, घसा बसल्यासारखा घोगरा. पहिल्यांदा त्या रिलेने टक् केलं ना... इतकी वर्षं कोड लिहितोय, पण माझ्या कोडने एखादी खरी वस्तू हलली ती त्या दिवशी. मी अक्षरशः नाचलो.

बोर्ड, रिले आणि बॅटरी एका पेटीत घालून किनाऱ्यावरच्या शेडमध्ये ठेवली आणि बायकांना ऐटीत सांगितलं, “आता कोणी बसायची गरज नाही. सगळ्याजणी जा.”

“बघ हां बाबू,” चंद्राकाकी म्हणाली, “तुझ्या डब्याच्या भरवशावर जीव ठेवताव.”

“बिनधास्त जा, काकी!”

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. लाट आली की गोळा वर, गेली की खाली, आणि भोंगा आपला उगाचच भुंकतोय. बायका हसून बेजार. चूक साधी होती: पाणी थोडा वेळ सलग वर राहिलं तरच वाजव, एवढं कोडमध्ये घालायला हवं होतं. म्हणून रविवारी सकाळी मी आख्खी पेटी सोडवून घरी आणली. शेडला कुलूप लावलं, चावी खिशात. शेडबाहेरच्या दुसऱ्या खांबावर नुसता भोंगा, आणि शेडमध्ये त्याच्या वायरची दोन टोकं लोंबकळत. आणि हे मी कोणालाही सांगितलं नाही. जेवणाआधी होईल म्हटलं. मग जेवलो, टीव्हीवर मॅच लागली, आणि पेटी खाटेवर तशीच पडून राहिली.

दुपारी भोंगा वाजला.

आधी मला मॅचमधलाच आवाज वाटला. मग तो घोगरा सूर ओळखू आला. मी खाटेकडे पाहिलं. बोर्ड तिथेच होता, दिवा बंद, बॅटरी शेजारी. आणि किनाऱ्यावर भोंगा थांबायचं नाव घेईना.

धावत गेलो तेव्हा बायका कमरेभर पाण्यातून, एकमेकींचे हात धरून येत होत्या. आत्या सगळ्यात मागे. मी काठावर पोचलो आणि भोंगा थांबला. थोडा जरी उशीर झाला असता तर... जाऊ दे. चंद्राकाकीने ओल्या हातांनी माझा चेहरा धरला. “वाजला रं बाबू तुझा भोंगा! आमच्या तर ध्यानातच न्हाय आलं पानी.”

मी काय बोलायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मी नुसता हसलो.

शेड उघडून बघितली. वायरची टोकं लोंबत होती तशीच. जवळच्या कंपनीचा भोंगा वेगळा, तो सगळं गाव ओळखतं. कोणी खांबावर चढून दुसरी बॅटरी जोडली म्हणावं, तर पाणी चढलेलं दिसल्यावर माणूस हाक मारेल, धावेल, का वायर जोडत बसेल? आणि भोंगा वाजताना खांबाजवळ कोणीच नव्हतं, हे पाण्यातून येणाऱ्या सगळ्याजणी सांगतात.

पुढे देवीच्या पालखीला माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, वर टाळ्या. माईक हातात दिला तेव्हा वाटलं, आता सांगून टाकू. तोंडातून काय निघालं? “हा प्रोग्रॅम मी जावामध्ये लिहिला आहे.” मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, तरी शाल खांद्यावरून काढली नाही.

शेवटी राहवेना. एकदा बायका ओटीवर कालवं सोलत बसल्या होत्या, तिथे सगळं सांगून टाकलं. पेटी घरी होती, भोंगा मी वाजवला नाही, आजपासून पुन्हा किनाऱ्यावर बसायला सुरुवात करा. तर त्या हसल्या! “शिकलेली मानसं अशीच, मोटेपना घेत न्हाईत,” चंद्राकाकी म्हणाली. एकटी आत्या हसली नाही.

सगळ्याजणी गेल्यावर तिने विचारलं, “पेटी घरी व्हती?”

“हो.”

“आन तू?”

“मीपण घरीच होतो. पण तुम्ही खडपावर आहात हे मला माहीत नव्हतं गं.”

“टोपली घेऊन निंगाले तवा तुला सांगून ग्येले मी. टीवी बगत व्हतास. ‘हं’ बोल्लास.”

मला ते आजही आठवत नाही. त्या दिवशी भोंगा कसा वाजला, तेही आजवर मला सांगता येत नाही. कोड शंभरदा वाचून झाला. पण जो कोड चाललाच नव्हता, त्यात काय सापडणार? मी आत्याला तेच म्हणालो, “आत्या, तो वाजला कसा, मला खरंच कळत नाही.”

आत्याने टोपली उचलली. “ते मला बी न्हाय ठावं,” ती म्हणाली. “पन ज्यानं कोनी वाजवला, त्याला तरी ठावं व्हतं बाबू, आमी तिथं हाव म्हनून.”