शेजारच्या काकांचं ग्लायडर

जहाजावरची नोकरी संपवून शेजारचे काका आचऱ्याला परत आले आणि त्यांनी इंजिन बसवलेलं छोटं ग्लायडर घेतलं. उंच गेल्यावर ते इंजिन बंद करून समुद्रावर तरंगत राहायचे. त्यामुळे त्या सकाळी आवाज थांबला तेव्हा किनाऱ्यावर कुणालाच काही वाटलं नाही. मी तर हात हलवला. मग एक पंख कलला आणि ग्लायडर पाण्यात कोसळलं. मच्छीमारांनी होडीतून आणलं, तोवर काका गेले होते.

तेराव्यानंतर काकी मला किनाऱ्यावर घेऊन गेल्या. मी पाण्याकडे बोट दाखवलं.

"पडले थंय नको रे," त्या म्हणाल्या. "खंय उडत होते, ता माका दाखय."

मी सुरूच्या झाडांवरचं आभाळ दाखवलं. काकी बराच वेळ वर बघत राहिल्या.