करवतीची खालची मूठ

नांदरूक म्हटलं की बेळगावातली माणसं "ते कुठं आलं?" म्हणून विचारतात, आणि माझं डोकं फिरतं. अहो, तुमच्या माडीच्या तुळया, तुमच्या शाळेतले बाक, तुम्ही बोहल्यावर बसलात तो पाट जिथनं आला ते गाव! खानापूर सोडलं, गुंजी सोडली, की आगगाडी झाडांत घुसते. डब्यात भर दुपारी अंधारून येतं, आणि लोंढ्याच्या अलीकडं एक एवढंसं स्टेशन लागतं. लागायचं, म्हणायला पाहिजे. आता गाडी तिथं थांबत नाही.

रूळ पडायच्या आधी तिथं आठ-दहा खोपटी आणि एक नांदरुकीचं झाड, बस्स. रूळ आले, त्यांच्या मागनं जंगलखात्याचा डेपो आला, डेपोच्या मागनं ठेकेदार आणि ठेकेदाराच्या मागनं करवतवाले. टेकाडावर साहेबाचा बंगला, त्याच्या खाली डेपो, डेपोला लागून करवतीची आळी आणि सगळ्यात खाली ओढा. पावसाचे चार महिने बाकीच्या जगाला आम्ही मेलेलेच. मीठ-काडेपेटी आखाडाच्या आधी भरून ठेवायची. विसरलात तर शेजारी मागायची, आणि शेजारणीनं टोमणा मारला तर मुकाट्यानं ऐकून घ्यायचा.

मी तिथं गेले चौतीस साली, लग्न करून. वडील बेळगावात मास्तर, आणि मला दिली डेपोतल्या कारकुनाला. आमचे हे, गोपाळराव, दिवसभर टेप घेऊन ओंडके मोजायचे, आणि मी घरात बसून रडायची. रात्री गवे परसातला भोपळा खाऊन जायचे. पण बाई गं, त्या गावाचा वास! ताज्या कापलेल्या सागाचा, किंजळीचा, ओल्या सालीचा. सहा महिन्यांत तो वास लुगड्यात बसला आणि माझं रडणं थांबलं. अजून कुठं सुताराच्या दुकानावरनं गेले की पाय अडखळतात माझे. सत्तेचाळीसला डेपोवर झेंडा लागला, सगळ्यांना पेढे मिळाले, आणि त्याच हिवाळ्यात इंजिनाची करवत आली. आळीतले खड्डे बुजवून टाकले.

ते खड्डे मी सांगितलेच पाहिजेत, नाहीतर नागुबाई तुम्हाला कळायची नाही. आळीत सहा खड्डे होते, पुरुषभर खोल. खड्ड्यावर आडवे वासे टाकायचे, त्यांवर ओंडका चढवायचा. एक माणूस ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. मध्ये लांबलचक करवत, तिला वर एक मूठ, खाली एक मूठ. गेरूत भिजवलेली दोरी ताणून ओंडक्यावर रेघ मारायची, वरही आणि खालच्या अंगालाही. वरच्यानं करवत उचलायची आणि रेघेवर धरायची, खालच्यानं जोर लावून ओढायची. फळी सरळ निघाली की मिस्त्री म्हणून नाव वरच्याचं. खालच्याला कोण विचारतो? त्याच्या वाट्याला भुसा.

तिसरा खड्डा आण्णाप्पाचा. त्याच्या खाली आधी त्याचा भाऊ शामू असायचा. अठरा साली मानमोडीची साथ आली, आळीतली अकरा माणसं आठ दिवसांत गेली, त्यांत शामूही गेला. ठेकेदार मारुतीराव यांचा नियम असा, की खड्डा जोडीला मिळतो, एकट्याला नाही, आणि राहायचं खोपट खड्ड्याबरोबर. त्या साथीत दुसरा गडी आणायचा कुठनं? तेव्हा आण्णाप्पाची बायको नागुबाई, असेल पंचविशीची, तिनं काष्टा घट्ट मारला, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि सरळ खड्ड्यात उतरली. आळीत बोंब झाली. बाईमाणूस खड्ड्यात! ती म्हणाली, "वर माझाच धनी हाय न्हवं? मग तुमच्या पोटात का दुखतंय?"

मी गेले तेव्हा तिला खाली सोळा वर्षं झाली होती. संध्याकाळी ती वर यायची ती ओळखू यायची नाही. पापण्यांवर, कानांत, मानेच्या घडीत, जिकडंतिकडं भुसा. ओढ्यावर जाऊन तोंड धुवायची आणि मग माझ्या दारात बसून माझी टिंगल करायची. "वैनी, तुमच्या बेळगावात चूल कशानं पेटवत्यात? शाईनं?" ओलं लाकूड कुठलं पेटतं, कुठलं धुमसतं, गवा परसात आला तर दार का उघडायचं नाही, हे सगळं मला तिनं शिकवलं. माझ्या सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं केलं. पोरबाळ नव्हतं तिला. त्यावरनं कोणी बोललं की ती बोलणाऱ्याचीच सात पिढ्यांची चौकशी करायची.

चाळीस सालची गोष्ट. मला खड्ड्यातनं तिचा खोकला ऐकू यायला लागला. एकदा खोक. मग थोड्या वेळानं दोनदा, खोक खोक. दिवसभर हेच. मला वाटलं, भुशानं छाती धरली बाईची. मी ज्येष्ठमधाचा काढा करून रोज पितळी भरून नेऊ लागले. ती घटाघट प्यायची, तोंड पुसायची आणि परत खाली जाऊन खोकायची. आठ दिवसांनी म्हणाली, "वैनी, काढा लई ग्वाड हाय. पर खरं सांगू का? मला खोकला न्हाय."

"मग खोकतेस कशाला, मेले?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग हळूच सांगितलं, "ह्येनला दिसत न्हाय. दोन वर्सं झाली."

मी पितळी हातात धरून तशीच उभी. अहो, आण्णाप्पाच्या रेघेची खानापूरपर्यंत कीर्ती, आणि हा माणूस आंधळा! आधी नजर धुरकट झाली, मग माणसं नुसती हलताना दिसायची, मग तेही गेलं. ओंडक्यावर रेघ मारून झाली की नागुबाई तिच्यावरनं खिळ्यानं बारीक चर ओढायची. आण्णाप्पा अनवाणी उभा राहायचा आणि पायाच्या अंगठ्यानं चर चाचपत पुढं सरकायचा. खालची रेघ तिच्या डोळ्यांसमोर. करवत डावीकडं गेली की ती एकदा खोकायची, उजवीकडं गेली की दोनदा. नाव त्याचं चालत होतं आणि रेघ हिची.

"सांगून का टाकत नाहीस ठेकेदाराला?"

"आंधळ्याला खड्डा कोन दील, वैनी? खड्डा गेला की खोपट गेलं. ना शेत, ना पोर. ह्या वयात जायाचं कुठं आमी?" मग म्हणाली, "आनि वरची मूठ हातात हाय तवर ते मिस्त्री हाईत. ती सुटली तर मानूस हाय खाईल ओ."

मी ह्यांनाही सांगितलं नाही. नवऱ्यापासून लपवलेली माझी ही एकच गोष्ट. बरं, दोन असतील.

मग लढाई आणखी पेटली आणि रुळांखालच्या स्लीपरांना कोण मागणी! रोज वॅगनी भरायच्या. तपासनीस यायचा, वाकडा स्लीपर दिसला की खडूनं फुली मारून बाजूला काढायचा. सगळ्या खड्ड्यांच्या मालावर फुल्या पडल्या. तिसऱ्या खड्ड्याच्या मालावर एकही नाही. बेचाळीसच्या पावसाळ्याआधी मारुतीरावांनी जाहीर करून टाकलं, की यंदा खंडेनवमीचा मान आण्णाप्पाचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आळीत करवतींची पूजा व्हायची. सगळी कामं बंद. करवती घासूनपुसून, झेंडू घालून पाटावर मांडायच्या, पुढं दगड ठेवायचा, आणि वर्षाच्या मानकरी मिस्त्रीनं त्या दगडावर नारळ फोडायचा. त्या दिवशी बाईचा हात करवतीला लागायचा नाही. लागला तर म्हणे दात बोथट होतात. नागुबाई वर्षभर ओढायची आणि त्या दिवशी आम्हा बायकांत, वीस हात लांब उभी. माझ्याशेजारीच होती. तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता. कारण तो दगड कुठं ठेवलाय हे आण्णाप्पाला कोण सांगणार? पायानं चाचपावा तर पूजेत पाय कसा लावणार?

मारुतीरावांनी त्याच्या डोक्याला नवा फेटा बांधला, हातात नारळ दिला. "हं, आण्णाप्पा, होऊन जाऊ दे!"

आण्णाप्पा दोन पावलं पुढं गेला. डावीकडं चालला होता. अजून एक पाऊल टाकलं असतं तर पाटावरच्या करवतींवर पाय पडला असता. नागुबाई खोकली. एकदा.

तो थांबला. थोडा उजवीकडं वळला. मला हुश्श वाटलं. पण तो पुढं जाईना. नारळ तसाच दोन्ही हातांत धरून उभा राहिला. माणसं कुजबुजायला लागली.

"राव," तो म्हणाला, "ह्यो नारळ माजा न्हवं."

"म्हणजे?"

"मला दिसत न्हाय. चार वर्सं झाली. रेघ हिची हाय, खालनं ही सांगती तसा मी जातो. आत्ताबी तीच खोकली, म्हनून करवतीवर पाय पडला न्हाय. बारा म्हैने हिनं वडायचं, आनि आजच्या दिवशी हिच्या हातानं करवत बाटती व्हय? मला न्हाय सोसत आता."

माझ्या हातातला तिचा हात सुटला. "घात केला गं ह्येनी," एवढंच म्हणाली.

मारुतीराव वाईट माणूस नव्हते, पण चारचौघांत आपण फसलो हे कुठल्या ठेकेदाराला चालतं? तोंड लालेलाल झालं. "चार वर्षं मला उल्लू बनवलंस? आंधळ्याच्या हातात माझा माल? वरनं खाली पडून मेला असतास तर जाब कुणी द्यायचा?" नागुबाई गर्दीतनं पुढं गेली. "माल माघारी आला का एकदा तरी? इचारा गोपाळरावास्नी!" आमचे हे मान हलवून म्हणाले, "नाही आला, राव." पण राव ऐकायला तयार नाहीत. "ते काही नाही. दसरा झाला की तिसऱ्या खड्ड्यावर मला डोळस माणूस वर उभा दिसला पाहिजे. नाहीतर खोपट मोकळं करा."

नारळ शेवटी चौथ्या खड्ड्याच्या भरमूनं फोडला. कुणाचं लक्ष नव्हतं.

दसऱ्याला सोनं द्यायला मी त्यांच्याकडं गेले. आण्णाप्पा सकाळपासून आळीभर दारोदार फिरून आला होता, वरचा गडी मिळतो का बघायला. मोकळा गडी मिळेना, मिळाला तर तो बाईच्या बरोबर मूठ धरायला तयार होईना. तो उंबऱ्यावर मान खाली घालून बसला होता. नागुबाई मात्र कानस घेऊन करवतीचे दात लावत होती, एकेक. मी म्हटलं, "अगं, काय करणार आता?" ती म्हणाली, "रावांनी सांगितलंय त्येच."

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी आळी जमली. कामाचं नाव सांगून आलेले, पण बघायलाच सगळे. मीही गेले, चुलीवर दूध तसंच ठेवून. बघते तर नागुबाई ओंडक्यावर चढलेली, काष्टा घट्ट, पदर कमरेला खोचलेला. आण्णाप्पा खड्ड्याच्या कडेला बसला, पाय खाली सोडले, आणि शामूच्या जागेवर, तिच्या जागेवर, उतरला. कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई वर आणि नवरा खाली! मारुतीराव आले, थबकले. त्यांच्या तोंडातनं शब्द फुटायच्या आत खड्ड्यातनं आवाज आला, "राव, डोळस मानूस वर पायजे म्हनलासा. ही काय उभी हाय. आनि खाली भुशात डोळं लागतात कुणाला?"

मारुतीरावांनी हातानंच खूण केली, चालू करा.

करवत चालली. खोकला नाही, काही नाही. पहिल्यांदा मी नागुबाईला उजेडात काम करताना पाहिलं. काय बाई ती उभी होती! ओंडका पुरा कापून झाल्यावर ह्यांनी टेप लावला, मारुतीरावांनी कडेवरनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पुढचा चढवा." आणि निघून गेले. खोपट राहिलं. माझ्या डोळ्यांना धार लागली, लपवायची कशाला?

आण्णाप्पाला दोघांनी हात देऊन वर काढलं. भुवयांपासून नखांपर्यंत भुसा. थुंकला, शिंकला, परत थुंकला. नागुबाई उतरून त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"एका ओंडक्यात ही गत," तो म्हणाला. "आनि तू चोवीस वर्सं खाल्लास गं ह्यो. कंदी बोलली न्हाईस?"

"बोलाय तोंड उघडाय लागतंय," ती म्हणाली. "तोंडात जातोय न्हवं."

सगळे हसले. आण्णाप्पा हसला नाही. त्यानं नव्या फेट्याचा शेव ओढून हातात घेतला, चाचपत तिचं तोंड शोधलं, आणि चारचौघांच्या देखत तिचे डोळे, गाल, कान पुसायला लागला, अगदी सावकाश. त्या दिवशी तिच्या तोंडावर भुशाचा कणसुद्धा नव्हता. पण ते त्याला कुठं दिसत होतं? तो पुसत राहिला, आणि तिनं पुसू दिलं.