गोराईचा क्रूस आणि माझा बसलेला आवाज

शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली आणि चौथ्या दिवशी भाजी चिरताना माझ्या लक्षात आलं की तीन दिवसांत मी कुणाशी एक शब्दही बोललेले नाही. भाजी तशीच झाकून ठेवली, पिशवीत दोन कपडे कोंबले आणि गोराईला निघाले.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. तेव्हा मी घाटकोपरच्या एका शाळेत शिकवायचे आणि मुलुंडला एका खोलीत एकटी राहायचे. आदल्या वर्षी गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज बसला तो बसलाच. जो उरला तो घोगरा, दोन हातांपलीकडे न पोचणारा. शाळेनं मला वर्गातून काढून पुस्तकांच्या खोलीत बसवलं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेला पहिलं गीत मी उचलायचे. माझ्या जागी दुसरी बाई उभी राहू लागली. ती चांगली गायची, हेच जास्त लागलं. मग मी जायचंच सोडलं. घरी प्रार्थनेला बसले तरी स्वतःचा तो आवाज ऐकून उठून जायचे. जे माझ्याच कानांना धड ऐकू येत नाही ते देवापर्यंत काय जाणार, असं वाटायचं.

गोराई डोक्यात आली ती फिलूमुळे. हॉस्पिटलात ती माझ्या शेजारच्या खाटेवर होती, पोटाच्या ऑपरेशनसाठी. "टीचर, तू नुसती मान हलव, मी दोघींचं बोलते," म्हणायची, आणि खरंच बोलायची. घरी जाताना म्हणाली होती, "मे महिन्यात आमच्या आलीत कुरसापुढं रोज सांजची प्रार्थना असते. ये नक्की. फिलूचं घर कुणीपण दाखवेल." तिच्या बोलीत आली म्हणजे आळी, कुरूस म्हणजे क्रूस.

जाणाऱ्यांसाठी तेव्हाची वाट सांगते. मुलुंडहून दादर, दादरहून बोरिवली, स्टेशनाबाहेरून खाडीपर्यंत बस. पुढे लाँच. भरतीची वेळ विचारून निघा, मी विचारली नव्हती. ओहोटी होती, लाँच पलीकडच्या धक्क्याला लागेना, आणि चपला हातात घेऊन गुडघाभर चिखलातून जावं लागलं. दोन्हीकडे तिवरं, कुबट वास, डोक्यावर ऊन. धक्क्यावरून गावात टांगा जातो. टांगेवाले आजोबा दोनदा "काय?" म्हणाले. तिसऱ्यांदा मी "फिलू" एवढंच म्हटलं.

आजोबांनी मागे वळून बघितलं. "पास्कोलची फिलू? ती नाताळाच्या आदी गेली, बाय."

टांगा चालत राहिला. परत फिरायला हवं होतं. पण फिरवा म्हणायला जेवढा आवाज लागतो तेवढाही निघाला नाही. ते मला तिच्या दारात सोडून गेले.

फिलूची सासू, रेजिनमाय, अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. मी कोण, हे तिच्या कानाशी वाकून सांगितलं. तिनं ओले हात लुगड्याला पुसले आणि माझा चेहरा धरला. "गल्याची टीचर! आमची फिलू तुजं लय बोलायची. पोटातला आजार परत उलटला गो तिचा." मग ती रडली, मी रडले. नंतर तिनं पायांवर ओतायला पाणी दिलं, मोजकंच. मे महिन्यात त्या गावात पाण्याची ओढ असते, जाताना हे लक्षात असू द्या. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण पुढ्यात आलं. मागच्या पडवीत एक माणूस जाळं विणत होता, फिलूचा नवरा पास्कोल. त्यानं मान वर केली नाही.

"कुरसापुढं येईत नाय तो," रेजिनमाय म्हणाली. "फिलूला नेली तवापासून देवाशी बोलणं बंद."

मला एकदम वाटलं, या घरात देवाशी न बोलणारं मी सोडून आणखी एक आहे.

दिवेलागणीला आळीच्या टोकाच्या दगडी क्रुसाला लोकांनी चाफ्याचे हार घातले, मेणबत्त्या लावल्या, चटया टाकल्या. वीस-पंचवीस माणसं असतील. क्रूस पास्कोलच्या दारासमोरच. तो चौकटीला टेकून उभा होता, उंबऱ्याच्या आत. माळेची प्रार्थना सुरू झाली. मी प्रॉटेस्टंट, आमच्यात माळ जपत नाहीत. तसं सांगितल्यावर रेजिनमाय म्हणाली, "मंग नको जपू. बस."

माळ संपल्यावर शुभवर्तमानाचं जुनं पुस्तक पुढे आलं. वाचायची फिलू. यंदा ते पुस्तक रोज नुसतं ठेवून उचललं जात होतं. रेजिनमायनं ते माझ्या मांडीवर ठेवलं.

मी मान हलवली. "आवाज नाही हो मला. कुणाला ऐकू येणार नाही."

"मंग बारीक वाच," ती सहज म्हणाली. "आमी जवल येऊन बसू."

आणि ती माणसं खरंच उठली. चटया सरकवत, गुडघ्यांवर घसरत, माझ्याभोवती इतकी दाटीनं बसली की त्यांच्या अंगाचा खारट वास येत होता. खूण घातलेलं पान मी उघडलं. रात्रभर जाळं टाकून काही न मिळालेले कोळी, आणि पहाटे किनाऱ्यावर उभा असलेला येशू. मी वाचू लागले. मधे आवाज फाटला, थांबले, पुन्हा वाचलं. कुणी खाकरलंसुद्धा नाही. त्या वर्षात पहिल्यांदाच मला माझ्या आवाजाची लाज वाटत नव्हती. मी वाचत होते आणि देव ऐकत होता. एवढंच सांगता येईल, जास्त नाही.

मान वर केली तेव्हा समोर, बायकांच्या मागे, पास्कोल उकिडवा बसला होता. म्हणाला, "जालं रिकामं आयलं हे परत वाच."

मी परत वाचलं. तो रडला नाही, त्यानं हात जोडले नाहीत. पुस्तक मिटेपर्यंत बसून मात्र राहिला.

रात्री तिथंच राहिले. सकाळी चहा देताना रेजिनमाय म्हणाली, "तू मोट्यानं वाचलं असतंस तर तो दारातच रायला असता, गो."

परतीची लाँच भरतीला सुटली, चिखल लागला नाही.

मुलुंडची खोली होती तशीच रिकामी होती. माझा आवाज पुढेही कधी आला नाही, आणि एकटेपण एका फेरीत जात नसतं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला भिंती अजूनही अंगावर यायच्या. पण त्या वेळी मी प्रार्थनेला बसू लागले, आणि मधेच उठून जाणं थांबलं. पास्कोलसाठी रोज काहीतरी मागायचे. दुसऱ्या कुणासाठी मागायचं मी विसरूनच गेले होते.

पुढच्या रविवारी उपासनेला गेले. पाळकांना म्हटलं, "आजचा शास्त्रपाठ मी वाचते. माईक नको, त्यात नुसती खरखर येते. लोकांना पुढे यायला सांगा."

त्यांनी सांगितलं. बाकं जड, माणसं संकोची. शेवटी चार जण उठून पहिल्या बाकावर आले, बाकीचे जागीच बसले.

मी त्या चौघांना वाचून दाखवलं.