काकूंचं स्वयंपाकघर आणि दोन लेन्स

बारामतीच्या कॅमेऱ्याच्या दुकानदारानं मला दोन वाइड, म्हणजे एका फोटोत जास्त जागा मावणाऱ्या, लेन्स एक दिवस वापरून बघायला दिल्या. निरवांगीत एका काकूंचं नवं घर बांधून झालं होतं, तिथले फोटो काढायचे होते. त्यातल्या जास्त वाइड लेन्सनं मी स्वयंपाकघर टिपलं आणि मोठ्या खुशीत काकूंना दाखवलं.

"आगं बया, हे कुणाचं मंगल कार्यालय?" त्या हसत सुटल्या. "माझा फ्रीज कट्ट्यापासून दोन पावलांवर हाय. हितं तर गाडी करून जावं लागंल!"

मलाही हसू आवरेना. दुसरी लेन्स लावून मी कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकवली. या फोटोत कट्टा पुरा मावला आणि फ्रीजही जागच्या जागी दिसला.

"व्हय, हे माझं!" म्हणत त्यांनी शेजारणींना हाका मारल्या.

संध्याकाळी मी तीच लेन्स विकत घेतली.