मोठ्या फॉन्टमधली ओळ

जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या बसमध्ये शेजारी बसलेल्या तरुणाचं नाव मी विचारलं नाही. त्याच्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे मात्र पारोळ्यापर्यंत बघत राहिलो. मीही प्रोग्रामच लिहितो, पण माझ्या स्क्रीनवर सगळा कोड एकाच मापाचा असतो. त्याच्या एडिटरमध्ये काही ओळी मुंगीएवढ्या होत्या, तर काही दुकानाच्या पाटीसारख्या. एखादी ओळ तपासून झाली, की तो जीभ दातांत धरून तिचा फॉन्ट कमी करायचा.

न राहवून मी विचारलं, "मोठ्या ओळी महत्त्वाच्या का?"

"नाही भाऊ. ज्यांच्यावर माझा भरवसा नाही, त्या मोठ्या."

केळी पिकवायच्या बंद खोल्यांचं तापमान सांभाळणारा तो प्रोग्राम होता. त्यात चूक राहिली, तर खोलीभर केळी काळी पडणार होती. धुळं जवळ आलं तेव्हा सगळा कोड बारीक झाला होता, एकच ओळ मोठी उरली होती. तेवढ्यात त्या खोल्यांच्या मालकाचा फोन आला.

"हाव नाना, बठ्ठं ठीक शे," सगळं ठीक असल्याचं त्यानं अहिराणीत शांतपणे सांगितलं, आणि दुसऱ्या हातानं त्या ओळीचा फॉन्ट अजून थोडा वाढवला.