गुडघ्याची कडी

मोहाडीच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो. निवृत्तीनंतर एक छंद जडला. आठवडी बाजारात भंगारवाल्याच्या ढिगासमोर उकिडवं बसायचं आणि काय आहे ते ओळखू न येणारी जुनी वस्तू उचलायची. एकच अट, आकार डोळ्यात भरला पाहिजे. ती वस्तू कशाची, हे मी मुद्दाम विचारत नसे. काम कळलं की माणूस आकार बघायचं सोडतो, असं माझं पक्कं मत होतं. अर्ध्या चंद्रासारखं पितळ, कमळाच्या देठासारखी पोकळ नळी, असं बरंच काही बैठकीच्या भिंतीवर लागलं होतं.

त्यात एक लोखंडी तुकडा मला सगळ्यांत आवडायचा. वीतभर लांबीच्या दोन चपट्या पट्ट्या, मध्ये गोल सांधा, आणि वरच्या पट्टीवर सरकणारी एक कडी. भाताच्या बांधीत उभ्या असलेल्या बगळ्याचा पाय जणू. त्याची मी कितीतरी रेखाटनं केली होती.

मागच्या वर्षी मतदार यादीच्या कामाला तहसील कार्यालयातल्या एक बाई घरी आल्या. वय पन्नाशीच्या आसपास, उजव्या पायानं अधू, हातात काठी. कागद तपासता तपासता त्यांची नजर भिंतीवर गेली आणि पेन थांबला.

"सर, हे इथं काहून लावलं?"

"आकार सुंदर आहे म्हणून. काय आहे ते मलाही ठाऊक नाही."

त्यांनी तुकडा मागून घेतला. वरची कडी अंगठ्यानं खाली सरकवली. खट्ट आवाज झाला आणि सांधा ताठ झाला.

"हे कॅलिपर होय, सर. पोलिओवाल्या लेकराच्या पायाचं. हा गुडघा. उभं राहाचं तं कडी खाली, बसाचं तं वर." पट्टीची लांबी बोटांनी मोजून त्या म्हणाल्या, "पाच-सहा वर्षांचं असन लेकरू."

"तुमचं होतं का?" मी विचारलं.

"माझंच असन असं नाई. तवा लय लेकरं घालत होती. पर असंच होतं." मग त्यांनी आपणहून सांगितलं, "वर्गात खाली बसाले गेली का खट्ट. उठली का खट्ट. सारी पोरं मांगं वळून पाहेत. धाव्वीपर्यंत तो आवाज काही गेला नाई."

मी तुकडा त्यांना देऊ केला. त्यांनी नकारार्थी मान हलवली, पण थोड्या वेळानं म्हणाल्या, "मायले दाखवतो एकदा. तिनंच रोज बांधून देल्लं."

त्यांची आई आंधळगावला बाईंच्या भावाकडे राहायची. रविवारी मी त्यांना स्कूटीवर घेऊन गेलो. म्हातारी घरापुढच्या सपरीत सुपात तांदूळ निवडत होती. लेकीनं तुकडा पुढे धरला. म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. हे काय, असं तिनं विचारलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी तुकडा मांडीवर घेतला आणि कडी वर केली, खाली केली. गंज होता, आवाज मोठा झाला.

"तेल नाई घातलं याले कोणं," ती म्हणाली.

"तेल?" लेकीनं विचारलं.

"मी घालत होती ना. सकाळी तुही वेणी घालाच्या आंधी, कापसाच्या बोळ्यानं. तुले सांगतलं नाई कदी. एक डाव शाळेतून रडत आली होती तू. पोरं हासतेत म्हणे." म्हातारीनं वर पाहिलं. "मंग बंद झाला होता ना गं आवाज?"

बाई खाली बसल्या नव्हत्या. काठीवर भार देऊन उभ्याच होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी नजर दुसरीकडे वळवली.

"हो माय," त्या म्हणाल्या. "बंद झाला होता."

म्हातारीनं समाधानानं मान डोलावली. सुनेला हाक मारून खोबरेल तेलाची बाटली मागवली, पदराच्या टोकानं सांधा पुसला आणि थेंब थेंब तेल सोडत बसली. तुकडा तिथंच राहिला. परत मागायचं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही.

परतताना आजूबाजूला धान पिवळं पडत आलं होतं. आपल्या घराशी उतरल्यावर बाई काठी सावरत म्हणाल्या, "सर, इतकी वर्षं मले वाटे, त्या आवाजाचं घरी कोणाले काही माहीतच नाई."

आणि मान खाली घालून त्या फाटक उघडू लागल्या.