चपलांवरून घराची आकारणी

घराचा वेरा, म्हणजे आपली घरपट्टी, कसा ठरतो ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते. आमच्या बडोद्यात त्याची मोठी शास्त्रीय पद्धत आहे म्हणे. घर किती फूट, कुठल्या भागात, किती जुनं, आत मालक राहतो की भाडोत्री आणि वापर कसला, हे सगळं एकमेकांशी गुणायचं. कागदावर झकास आहे. फक्त तो गुणाकार करायला घरी जो माणूस येतो, त्याच्याकडे अक्कल सोडून सगळं असतं.

आमची सोसायटी बाजव्याच्या बाजूला. बाबा तिथल्या रिफायनरीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. हातपाय सावरले, वाचा गेली. पाणी हवं असलं तरी नुसते ग्लासाकडे बघायचे आणि शब्द सापडला नाही की रडायचे. ज्या माणसाने आयुष्यभर कामगारांवर आवाज चढवला, तो असा रडताना बघवत नाही हो. डॉक्टर म्हणाले, यांच्याभोवती बोलतं माणूस ठेवा. शेजारणीने काय करावं, संध्याकाळी तिची दोन पोरं पाढे म्हणायला आमच्या हॉलमध्ये आणून बसवली. आणि काय सांगू, ‘पाणी’ म्हणता न येणारे बाबा ‘बे एके बे, बे दुणे चार’ घडाघडा म्हणायला लागले! पोरं गुजरातीत घडिया म्हणायची, बाबा मराठीत पाढे. सगळा गोंधळ, सगळे खूष. हळूहळू सोसायटीतली निम्मी पोरं यायला लागली. आईने भिंतीवर एक फळा लावला. पाढ्यापलीकडे गाडी सरकत नव्हती, सबंध वाक्य एकसुद्धा नाही, पण मी आणि आई रोज त्या एका वाक्याची वाट बघायचो.

अशाच एका संध्याकाळी वेऱ्यासाठी घर मोजायला पालिकेचा मोजणीवाला आला. दारात पोरांच्या चपलांचा ढीग, आत बेचा पाढा. स्वतःचे बूट न काढता तो सतरंजीवर चढला आणि म्हणाला, “बेन, ट्यूशन क्लास चाले छे?”

मी त्याला सगळं सांगितलं. वडील आजारी, पोरं फुकट येतात, उलट आम्हीच त्यांना चिक्की देतो. तो “हा, हा” करत मोबाइलवर बोट आपटत होता. त्याने हॉल मोजला. आतल्या खोल्यांत डोकावलासुद्धा नाही, “अंदाजे लखी दउं छुं” म्हणाला आणि लिहून मोकळा झाला. वर आईने दिलेला चहा बशीत ओतून प्यायला. शितावरून भाताची परीक्षा ऐकली होती, चपलांवरून घराची परीक्षा त्या दिवशी पाहिली.

बिल आलं त्यात आमचा हॉल कोमर्शियल! वेरा थेट दुपटीच्या वर, तोही बाबांच्या पेन्शनीतून. मी तणतणत वॉर्ड ऑफिसात गेले आणि वांधा अरजी दिली. वांधा म्हणजे हरकत. त्या कचेरीत हरकत आपण घ्यायची असते आणि अपराध्यासारखं उभंही आपणच राहायचं असतं. साहेब खारी सिंग खात बसले होते. मी डॉक्टरांचं सर्टिफिकेट पुढे केलं. त्यांनी शेंगदाण्याची सालं त्याच्यावरच झटकली आणि म्हणाले, “बेन, आ तो माणसनुं छे. मकाननुं क्यां छे?”

घ्या! घराला पक्षाघात झाल्याचं सर्टिफिकेट आणायचं होतं मी. असल्या माणसाशी वाद घालायचा म्हणजे दगडावर डोकं आपटायचं. मग त्यांनीच मोठ्या उदारपणे तोडगा सांगितला. फळा उतरवा, पोरांना येऊ नका म्हणा, परत तपासणीला माणूस पाठवतो. खोली रिकामी दिसली की झालं रहेणाक. म्हणजे खोलीत कुणी नसलं की ती राहती खोली! धन्य ते खातं.

पण मी ऐकलं, काय करणार. फळा कपाटामागे सरकवला, पोरांना घरोघरी जाऊन नको म्हटलं. शेजारीण म्हणाली, “आमच्यामुळे तुम्हाला त्रास नको,” आणि तिचं तोंड उतरलं. बाबा सगळं बघत होते. चार वाजल्यापासून दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले. पाच वाजून गेले तरी दारात कुणी नाही. दूध दिलं तर ग्लास ढकलून दिला. एवढं वैतागलेलं त्यांना आजारपणातही पाहिलं नव्हतं. आई आत जाऊन डोळे पुसत होती आणि मी मनातल्या मनात त्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

नेमका तेव्हा तोच मोजणीवाला आला. तेच बूट, तीच सतरंजी. रिकाम्या भिंतीचा फोटो काढला. माझं काम झालंच होतं. पण याला उगीच हुशारी दाखवायची होती. माझ्याकडे तिरकं बघत त्याने पोरं शिकायला येतात का ते सरळ बाबांनाच विचारलं, “काका, छोकरां भणवा आवे छे के नहीं?”

मी मध्ये पडणार तेवढ्यात बाबांनी हात वर केला. त्यांचे ओठ हलायला लागले. मान ताठ झाली, कपाळावरची शीर फुगली. आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच थबकली.

“हा,” बाबा म्हणाले. मग थांबले, श्वास घेतला. “छोकरां… रोज आवे छे. तमे पण बेसो.”

आईने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. आणि तो ठोंब्या! त्याला वाटलं त्याने चोर पकडला. दात काढत म्हणाला, “जोयुं बेन? काका खोटुं नथी बोलता. लखी लउं छुं.”

“लिहा,” मी म्हटलं. “कोमर्शियल लिहा, काय वाट्टेल ते लिहा.”

त्याच्याकडे पाठ करून मी बाबांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, “बाबा, परत एकदा म्हणा ना.”

बाबांनी परत म्हटलं.